पत्रकातलं दुसरं कलम

सव्वीस मार्च, रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम दहा हजार एक येन. हजर पाच जण: ओजिमातल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष दीक्षित, खजिनदार मी, माझी बायको नीलिमा, आमची मुलगी ईरा, आणि ज्यांच्यापुढे ते पाकीट सरकवलं गेलं त्या कुसानोबाई. या गोष्टीला चार वर्षं झाली. पाकीट पिवळं होतं, वर लाल गणपती. पुण्याहून आणलेल्या त्या पाकिटांवर कोपऱ्यात रुपया चिकटवलेला असतो. दीक्षितांनी तो खरवडून काढला होता आणि चिकटपट्टीने एक येनचं नाणं लावलं होतं. इथल्या माणसाला इथलं नाणं द्यावं, असा त्यांचा विचार.

आता तो मोसम परत आला आहे. आमच्या संकुलाच्या फाटकाशी परवा लाकडी फळा उभा राहिला. त्यावर चौकोन आखलेत आणि प्रत्येक चौकोनात आकडा. अजून एकही चेहरा चिकटलेला नाही. वॉर्डाच्या सभेची निवडणूक चार वर्षांनी येते आणि नेमकी चेरीच्या बहरामागोमाग येते. सायकलींच्या ओल्या सीटवर पाकळ्या चिकटलेल्या असतात, शाळेत निघालेल्या नव्या मुलांची दप्तरं त्यांच्या पाठीपेक्षा रुंद असतात, आणि अशात एके सकाळी आठच्या ठोक्याला पहिली भोंग्याची गाडी येते. गाडीतून पांढरे हातमोजे हलतात. उमेदवाराचं नाव, परत तेच नाव, मग नमस्कार. काय करणार ते कोणी सांगत नाही. दोन वाक्यांत गाडी कोपरा वळते.

बाकीच्यांना हा महिना आवडतो. मला तो जपूनच घ्यावा लागतो. मी बँकेत अंतर्गत तपासणीच्या खात्यात आहे. दुसऱ्याच्या सहीवर विश्वास न ठेवणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यात माझं लहानपण अशा वस्तीत गेलं जिथे नगरसेवकाने चार बाक दिले होते आणि प्रत्येक बाकाच्या पाठीवर त्याचं नाव जाड रंगात रंगवलं होतं. उन्हाळ्यात टेकलं की शर्टावर अर्धं नाव उमटायचं. आई म्हणायची, बाक फुकट नाही, तुझी पाठ त्याने भाड्याने घेतली आहे. कोणी हसत दारात आलं की मी आधी आपली पाठ कुठे टेकली आहे ते बघतो.

तेव्हा, चार वर्षांपूर्वी, आम्हाला जपानात येऊन दोन वर्षं झाली होती. इंग्रजी शाळेची फी माझ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त होती, आणि ती भरणं बँकेने पहिल्या वर्षानंतर बंद केलं. म्हणून ईरा संकुलामागच्या सरकारी प्राथमिक शाळेत. भाषा शिकवायला वॉर्डाकडून एक बाई शाळेत यायच्या. तासांची मर्यादा ठरलेली होती. फेब्रुवारीत ते तास संपले, बाईंनी ईराला कागदाचा बगळा करून दिला आणि त्या दुसऱ्या शाळेत गेल्या. एप्रिलपासून सहावी. ईरा वर्गात बसायची, फळ्यावरचं उतरवून घ्यायची आणि घरी येऊन दप्तर ठेवायची. आज काय झालं विचारलं की एकच उत्तर, "दाइजोबु." ठीक आहे. पुण्यात असताना या मुलीचं बोलणं थांबवायला तिच्या हातात पुस्तक द्यावं लागायचं.

नीलिमाने माझ्यासमोर कॅलेंडर ठेवलं. "पुण्यात शाळा जूनमध्ये उघडतात. मी आणि ईरा जातो. तू इथे राहा."

"किती दिवस?"

"हे तू सांग. आकडे तुझ्याकडे असतात."

पंधरा जूनची दोन तिकिटं काढली गेली होती. घर दोन ठिकाणी होणार होतं, आणि त्यामागे कारण काय, तर आठवड्याचे तीन-चार तास.

त्या रविवारी सभागृहात आम्ही पाडव्याच्या जेवणाची तयारी करत होतो. पातेलं पुसता पुसता नीलिमाने वर पाहिलं, तर दारात एक बाई बूट काढत होत्या. पन्नाशीच्या आतबाहेर, केस आखूड, हातात पत्रकांचा गठ्ठा. दीक्षितांना वीस वर्षं झाली होती इथे, ते त्यांना तोंडओळखीने ओळखत होते. दीक्षितांचा हिशेब सोपा होता. निवडणूक आहे, उमेदवार आला आहे, मंडळ आहे, म्हणजे पाकीट. त्यांनी ते दोन्ही हातांनी पुढे केलं.

बाईंनी हात मागे घेतले. मग त्या जे बोलल्या ते दीक्षितांनी आम्हाला मराठीत सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज उतरत गेला. "परदेशी माणसाकडून राजकारणासाठी पैसे घेता येत नाहीत म्हणतात. कायदा आहे. एक येनसुद्धा नाही."

"बरं," दीक्षितांनी स्वतःला सावरलं, "मग उलट करू. गणपतीला तुमची वर्गणी किती लिहू?"

त्यावरही नाही. उमेदवाराला आपल्या मतदारसंघात कोणाला काही देता येत नाही. सणाला नाही, लग्नाला नाही, मयतीला नाही. एखाद्या जेवणाला सगळ्यांना सारखी फी असेल आणि त्या स्वतः जेवायला आल्या, तर तेवढीच फी देता येते. त्यावर एक येन नाही.

नीलिमाने शंकरपाळ्यांची बशी पुढे केली. बाईंनी विचारलं, सगळ्यांना देताय ना? दिल्या होत्या, तेव्हा त्यांनी दोन उचलल्या.

दीक्षित माझ्या कानाशी म्हणाले, "सोमण, ही बाई घेतही नाही आणि देतही नाही. हिला निवडून कोण देणार?"

मला वेगळीच शंका आली. छोटं पाकीट नाकारणारा माणूस मोठ्याची वाट बघत असतो, हे मी नोकरीत दोनदा पाहिलं आहे. आणि त्याहून मोठा प्रश्न असा की आम्हाला मतच नाही. आमच्या इमारतीच्या सात मजल्यांवर जितके मराठी, तमिळ, बंगाली लोक राहतात त्या सगळ्यांची मिळून मतं शून्य. जिथे एकही मत नाही तिथे उमेदवार कशाला येईल? मी दीक्षितांना हे जसंच्या तसं विचारायला सांगितलं.

उत्तर आलं, "या इमारतीत शाळेतली मुलं किती आहेत ते मोजायला आले."

मोजणाऱ्या माणसाला दुसरा मोजणारा भेटला की आनंद व्हायला हवा. मला झाला नाही.

पत्रक मी त्या दुपारी दोनदा वाचलं, शब्दकोश घेऊन. पाच कलमं होती. शाळेतलं जेवण मोफत. प्राथमिक शाळांमध्ये बाहेरून आलेल्या मुलांसाठी भाषेचा कायमचा वर्ग. म्हाताऱ्यांची आणि लहान मुलांची काळजी घेणाऱ्यांना चांगला पगार. जुन्या सरकारी इमारतींना लिफ्ट. एकत्र राहणाऱ्या दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना जोडपं म्हणून नोंद. खाली बाईंची माहिती. वडील चटया विणायचे, आई डबे भरण्याच्या कारखान्यात. स्वतः अकरा वर्षं वृद्धांच्या घरात काम केलं, लोकांना अंघोळी घातल्या, तिथे संघटना बांधली. मुलाला एकटीने वाढवलं. गरिबीची गोष्ट सगळेच सांगतात, म्हणून मी वर्षं जुळवली. तीन वर्षांचा हिशेब लागत नव्हता.

संध्याकाळी सहाला बेल वाजली. दारात कुसानोबाई, मागे जिन्याशी त्यांची सायकल. त्यांच्या तळहातावर एक येनचं नाणं होतं. पाकीट परत सरकवताना चिकटपट्टी सुटली होती आणि नाणं त्यांच्या पत्रकांच्या गठ्ठ्याला चिकटून गेलं होतं. त्यांना ते परत करायचं होतं, आणि परत मिळाल्याचं लिहून हवं होतं. अॅल्युमिनियमचं नाणं, वजनाला एक ग्रॅम. मी दीक्षितांना फोन लावून फोन टेबलावर ठेवला. पलीकडून दीक्षित आधी हसले, मग दुभाष्याचं काम करू लागले.

मी मंडळाच्या पावतीपुस्तकात लिहिलं, मिळाले एक येन. त्या लिहिलेलं बघत होत्या, आणि मी ठरवलं की आता बाई घरात आलीच आहे तर विचारून घ्यावं.

"पत्रकात तीन वर्षं कमी आहेत. ती कुठे गेली?"

फोनमधून दीक्षित म्हणाले, "सोमण, हे मी विचारू?"

"विचारा."

बाईंनी फोनकडे न बघता माझ्याकडे बघून उत्तर दिलं. दीक्षितांनी ते सांगितलं. "त्सुकुबाला होते म्हणतात. लग्न करून. नवरा मारायचा. मुलाला घेऊन निघून आले."

"मग हे पत्रकात का नाही?"

"जागा नव्हती, असं म्हणतात."

नीलिमाने माझ्याकडे असं पाहिलं की ते भाषांतराशिवाय कळावं. पण मी नोंद केली: जागा होती. चौथ्या कलमाखाली दोन ओळी मोकळ्या होत्या. खरं सांगणारी माणसंही एखादा रकाना रिकामा ठेवतात, आणि माझं काम त्या रकान्यापासून सुरू होतं.

टेबलावर ईराची वही पडली होती आणि तिच्याशेजारी माझी. भाषेच्या बाई शाळेत कोणत्या तारखेला आल्या, किती वाजता, किती मिनिटं शिकवलं, कोणत्या दिवशी आल्या नाहीत, हे मी ईराला रोज विचारून लिहीत असे. कोणासाठी म्हणून नाही. सवय. कुसानोबाईंनी ती वही उलटीकडून धरून पाहिली. आकडे तर सगळीकडे सारखेच दिसतात. ही मिळेल का, त्यांनी विचारलं. मी खाली दुकानात जाऊन वहीच्या प्रती काढल्या, प्रती त्यांना दिल्या आणि वही घरी ठेवली. प्रतींवरचं ईराचं नाव देण्याआधी शाईने खोडलं.

"देवाने प्रसाद दिला तरी तुम्ही झेरॉक्स काढून ठेवाल," दीक्षित नंतर म्हणाले.

बाई निवडून आल्या, निवडून आलेल्यांत शेवटून चौथ्या. पराभव थोडक्यात हुकला असंही म्हणता येईल. जूनमध्ये सभेचं अधिवेशन होतं. वरच्या गॅलरीत कोणीही बसू शकतं, आमच्यासारखेही. बोलायचं नाही, टाळ्या नाहीत, टोपी काढायची. मी रजा टाकली. ईराला शाळा होती, पण ती म्हणाली पोट दुखतंय, आणि नीलिमाने, जी पोटदुखीवर कधी विश्वास ठेवत नाही, त्या दिवशी ठेवला. तिकिटांना तीन दिवस उरले होते.

सभागृहात एसीचा गार वारा होता आणि खाली बरेच सभासद डोळे मिटून बसले होते. कुसानोबाई उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या हातातला कागद मला वरून ओळखू आला. त्यांनी वाचायला सुरुवात केली. मला वाक्यं कळत नव्हती, आकडे कळत होते. तारीख, मिनिटं. तारीख, मिनिटं. तारीख, शून्य. पाऊण पान नुसतं तेच. मी अनेक वर्षं अहवाल लिहिले आहेत. ते कोणी उभं राहून मोठ्याने वाचलेले मी तोवर ऐकले नव्हते. माझी बाही ओढली गेली.

"बाबा," ईरा कुजबुजली, मराठीत, "ते आपलं आहे."

अधिकाऱ्याने उत्तर दिलं की बाब विचारात घेतली जाईल. दीक्षितांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की इथे याचा अर्थ नाही असा होतो. आम्ही घरी चालत आलो. ईराने वाटेत आइस्क्रीम मागितलं नाही, हे मला आठवतं. जेवताना तिने सांगितलं, "मला नाही जायचं. त्या बाईंनी एवढं वाचलं, आणि मी नसले तर ते खोटं पडेल." नीलिमा वाढता वाढता थांबली. तिकिटं रद्द केली. त्यात कापले गेलेले पैसे आम्ही कधी मोजले नाहीत, आणि आमच्या घरात न मोजलेली ती बहुधा एकमेव रक्कम.

वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू झाला. मागितला होता सगळ्या शाळांत, मिळाला दोन शाळांत, आठवड्यातून तीन दिवस, आमच्या घरापासून सायकलने सतरा मिनिटं. पुढच्या वर्षी दोन वेगळ्या पक्षांनी आपापल्या पत्रकांत तो वर्ग आपणच आणला असं छापलं. कुसानोबाईंनीही छापलं. तिन्ही पत्रकं माझ्याकडे आहेत.

ईरा आता सरकारी हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला गेली, प्रवेशपरीक्षा देऊन. घरी ती मराठीत रागावते आणि जपानीत विनोद करते, त्यामुळे आम्हाला तिचा राग जास्त कळतो.

या वर्षी पाडव्यानंतरच्या रविवारी जेवण होतं. फी प्रत्येकी पंधराशे येन, लहान मुलांना माफ. इथलं दही रात्रभर टांगून नीलिमाने श्रीखंड केलं होतं. कुसानोबाई रांगेत उभ्या राहून माझ्या टेबलाशी आल्या. चार वर्षांत चेहरा वाळला आहे. त्यांनी दोन हजार दिले, मी पाचशे परत केले, पावती दिली. त्यांनी आकडा वाचून पाहिला आणि पावती पाकिटात घातली. मग आपलं नवं पत्रक माझ्यासमोर ठेवलं.

नव्या पत्रकातही पाच कलमं आहेत. दुसरं कलम आता म्हाताऱ्यांच्या बसभाड्याचं. भाषेचा वर्ग कुठेच नाही. मी मागची बाजूही पाहिली.

गेल्या वर्ष-दोन वर्षांत इथली हवा बदलली आहे. स्टेशनाबाहेर कोणी तरी माइक घेऊन सांगत असतं की बाहेरच्यांवर फार खर्च होतो. आमच्या संकुलात कचऱ्याची पिशवी चुकीच्या दिवशी दिसली की ती कोणाची असणार याबद्दल आता आधीच ठरलेलं असतं. आम्ही प्लास्टिक धुऊन, पुसून, वाळवून बाहेर ठेवतो. हे सगळं मला माहीत होतं. तरी जेवणं झाल्यावर मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. आता माझी जपानी तेवढ्यापुरती पुरते.

"वर्ग पत्रकात नाही. या वेळीही जागा नव्हती का?"

त्यांना चार वर्षांपूर्वीचं आठवत होतं. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"नाही. जागा होती."

"मग?"

"छापलं तर मी पडेन असं माझे लोक म्हणतात. मागच्या वेळी किती थोडक्यात आले ते तुम्हाला माहीत आहे. मी पडले की वर्गासाठी बोलणारं कोणी उरत नाही."

"आणि न छापता निवडून आलात, की म्हणतील, तुम्ही हे कुठे सांगितलं होतं."

"हो. तेही आहे." मग म्हणाल्या, "कोणी विचारलं तर सांगीन."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर नाही सांगणार."

दीक्षित पलीकडून ऐकत होते. उठताना मला म्हणाले, "खरं बोलली हो." मी म्हटलं, खरं बोलली म्हणजे बरोबर केलं असं नाही. त्या वर्गात या घडीला आमच्याच इमारतीतल्या दोन मुली जातात. एक नाशिकची, तिसरीतली, जानेवारीत आली. तिची आई टेबल पुसत होती. तिला यातलं काही कळलं नसावं. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी फीचे पैसे पुन्हा मोजले.

रात्रीच्या जेवणाला मी हे सगळं नीलिमाला सांगितलं. ईरा फोनमध्ये डोकं घालून बसली होती. ती ऐकत नाही असं मी समजलो. असं समजण्याची चूक मी तिच्या बाबतीत पूर्वीही केली आहे.

परवा संध्याकाळी साडेसहाला मी ऑफिसातून परतलो तर स्टेशनाच्या जिन्याशी कुसानोबाई एका पेटीवर उभ्या होत्या. हलका पाऊस. ऐकणारे अकरा, छत्र्या आठ. बसभाडं, लिफ्ट, पगार. बाजूला त्यांचा एक कार्यकर्ता पत्रकं वाटत होता. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, असं त्या शेवटी म्हणाल्या, जसं सगळेच म्हणतात, आणि माइक खाली घ्यायला लागल्या.

समोरून एक हात वर झाला. हायस्कूलचा गणवेश, पाठीला दप्तर. मी जिन्याच्या दोन पायऱ्या वर होतो, तिने मला पाहिलं नव्हतं.

"प्राथमिक शाळेतला भाषेचा वर्ग पुढेही चालू राहणार का?" ईराने विचारलं. तिची जपानी डोळे मिटून ऐकली तर ती कुठली आहे हे कोणाला सांगता येणार नाही. पण तिथे सगळ्यांचे डोळे उघडे होते.

कार्यकर्त्याने पत्रकं छातीशी धरली. बाई गप्प. मी सवयीने मोजलं, चार सेकंद.

"चालू राहील," बाई माइकमध्ये म्हणाल्या. "तो मीच मागितला होता. सध्या दोन शाळांत आहे, मला सगळ्या शाळांत हवा आहे."

एक म्हातारे गृहस्थ हातातलं पत्रक घडी करून कठड्यावर ठेवून निघून गेले. त्यांच्यामागून आणखी एक जण. एक बाई, जी जात होती, ती थांबली. उरले दहा. बाईंनी ईराकडे बघून मान लववली, ईराने लववली, आणि ती वळली तेव्हा तिला मी दिसलो.

आम्ही एका छत्रीतून घरी निघालो.

"मी विचारणारच होतो," मी म्हटलं.

"तू विचारलं असतंस तर परदेशी माणसाने विचारलं असं झालं असतं. मी गणवेशात विचारलं."

"दोन मतं गेली त्यांची."

"हो. पण त्यांना माहीत होतं ना, बाबा. म्हणून तर गप्प होत्या."

थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "मी अठरा वर्षांची झाले की?"

"तरी मत नाही. पासपोर्ट."

छत्री तिने आपल्या हातात घेतली, कारण आता ती माझ्याहून उंच आहे आणि माझ्या हातात असली की तिच्या डोक्याला लागते.

ईराने विचारलं नसतं तर बाई बोलल्या नसत्या, हे मला ठाऊक आहे. त्यांनीच मला सांगितलं होतं. त्यामुळे माझी शंका तशीच आहे, आणि निवडून आल्या तर जूनच्या अधिवेशनाला मी रजा टाकणार आहे. उद्या त्यांचा चेहरा फळ्यावरच्या एखाद्या चौकोनात येईल, आठ वाजता गाड्या सुरू होतील. मतदान त्यापुढच्या रविवारी. आमच्या इमारतीतून आमची मतं शून्य.

पाडव्याच्या जेवणाचा हिशेब मी काल बंद केला. कुसानोबाईंकडून मंडळाला पंधराशे येन, पावती दिली. मंडळाकडून कुसानोबाईंना काही नाही.